मास्तरांनी गणितात गाठलेला ग्रह

तीर्थपुरीत रात्री लाइट गेली की तुम्ही गच्चीवर जाता. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून नाइलाजानं वर बघता. गुरू, शनी ओळखू येतात. प्लुटो मात्र कितीही डोळे ताणले तरी दिसत नाही, त्याला मोठी दुर्बीणच लागते. १९३० पर्यंत तर तो दुर्बिणीतूनही कुणाला सापडला नव्हता. पण त्याच्या १९ वर्षं आधी एका मराठी मास्तरांनी नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असणार, असं आकडे देऊन मांडलं होतं. त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, नरगुंदचा. नोकरी शाळेतली, बागलकोटच्या इंग्रजी शाळेत ते हेडमास्तर होते. डोक्यात मात्र कायम आकाश. तेव्हाची पंचांगं जुन्या कोष्टकांवर चालायची आणि त्यातलं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळायचं नाही. केतकरांनी जुनं टाकून दिलं नाही आणि नव्याला नाकं मुरडली नाहीत. युरोपातलं ताजं गणित त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’ अशा संस्कृत ग्रंथांत आणलं, म्हणजे पंचांगकर्त्यांना ते थेट वापरता यावं.

मग १९११ साल आलं. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींमध्ये एक पक्कं नातं असतं, हे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी दाखवलं होतं. त्याच धर्तीवर केतकरांनी नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं गणित केलं आणि ते फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात छापून आणलं. त्यातल्या एका ग्रहाला त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटलं. सूर्यापासूनचं त्याचं अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, एका फेरीला सुमारे २४२ वर्षं. आता प्लुटोचे आकडे बघा : सरासरी ३९.५ पट आणि २४८ वर्षं!

म्हणजे प्लुटो केतकरांनी शोधला का? नाही. तो फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यांनी फोटो पडताळून शोधला. शिवाय आकडे जुळण्यात योगायोगाचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. पण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लुटोच्या दोन होतात, हे गतींचं नातं खरं निघालं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकर गेले.

पुढची गोष्ट त्यांना बघायला मिळायला हवी होती. २००६ मध्ये प्लुटो बटुग्रह ठरला. १४ जुलै २०१५ ला ‘न्यू होरायझन्स’ यान त्याच्याजवळून गेलं आणि फोटोत एक विचित्र पर्वत दिसला, राइट मॉन्स. उंची सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. रुंदी जवळजवळ पुणे-मुंबई रस्त्याएवढी. आणि मधोमध भलामोठा खड्डा. हा बर्फ ओकणारा ज्वालामुखी असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. उल्कांच्या खुणा त्यावर जवळपास नाहीतच, म्हणजे तो तुलनेनं तरुण आहे. उणे २३० अंशांच्या थंडीत ही उष्णता आली कुठून, यावर अजून काम चालू आहे.

‘आपण छोट्या गावातले, आपल्याकडे लॅब कुठंय,’ असं म्हणताना केतकर मास्तर आठवा. ना यान, ना कॉम्प्युटर. होतं ते गणित, आणि चुकायची तयारी ठेवून आकडा जगापुढं मांडायची हिंमत. आज लाइट गेली, तर वही घेऊनच वर जा.