चित्रातला अमेरिगो आणि खरा अमेरिगो



मुलं धडा विसरतात, पण धड्यातलं चित्र विसरत नाहीत. म्हणूनच आज एका जुन्या चित्राच्या मदतीने अमेरिगो वेस्पुचीची ओळख करून घेऊया.

अमेरिगोचा जन्म पंधराव्या शतकाच्या मध्यात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. तो मूळचा खलाशी नव्हता. मेदिची या धनाढ्य घराण्याचा कारभार तो बघायचा. त्याच कामासाठी तो स्पेनमधल्या सेव्हिलला गेला आणि तिथे त्याचा जहाजांशी संबंध आला. चाळिशी उलटल्यावर, १४९९ मध्ये स्पेनच्या आणि १५०१ मध्ये पोर्तुगालच्या मोहिमेबरोबर तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. १५०७ मध्ये वाल्डझेम्युलर या नकाशाकाराने त्याच्या नावावरून त्या भूमीला अमेरिका म्हटलं.

या प्रवासात एक मोठी अडचण होती. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच आपला उत्तर अक्षांश असतो. पण विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा दिसेनासा होतो. मग दक्षिणेचे तारे ओळखावे लागतात किंवा दुपारच्या सूर्याची उंची मोजावी लागते. त्यासाठी अ‍ॅस्ट्रोलेब नावाची धातूची चकती वापरत.

आता चित्राकडे वळूया. अमेरिगो १५१२ मध्ये वारला. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी स्ट्राडानस या चित्रकाराने त्याची चित्रं काढली. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून अँटवर्पमध्ये छापली गेली. एका चित्रात रात्रीची वेळ आहे. सोबती गाढ झोपलेत आणि एकटा अमेरिगो जागा राहून आकाशातला त्रिशंकू न्याहाळतोय. वर कवी दान्तेही दाखवलाय! दान्ते फ्लॉरेन्सचा, अमेरिगो फ्लॉरेन्सचा आणि चित्रकारही फ्लॉरेन्समध्येच राहणारा. आपल्या गावच्या माणसाचा गौरव करायचा, हे उघड आहे. दुसऱ्या चित्रात अमेरिगो समोर येताच झोळीतून उठणारी स्त्री म्हणजे अमेरिका. जणू तो येईपर्यंत ती भूमी झोपलेलीच होती! प्रत्यक्षात तिथे हजारो वर्षांपासून माणसं राहत होती.

खरं काम इतकं शांत आणि एकट्याचं नव्हतं. डुलणाऱ्या जहाजावर चकती स्थिर राहत नसे, त्यामुळे शक्य तेव्हा किनाऱ्यावर उतरून मोजमाप करत. रात्रभर कुणी सुकाणू धरायचं, कुणी पहारा द्यायचं. सगळेच झोपले असते तर जहाज खडकावरच गेलं असतं!

चित्रात न आलेली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. १५०८ मध्ये स्पेनने अमेरिगोला मुख्य नौचालक नेमलं. नौचालकांना उपकरणं वापरायला शिकवणं, त्यांची परीक्षा घेणं आणि सरकारी नकाशा अद्ययावत ठेवणं हे त्याचं काम होतं. शिकवणी त्याच्या सेव्हिलच्या घरीच चालायची. म्हणजे आयुष्याची शेवटची वर्षं तो आपल्यासारखाच शिक्षक होता!

मुलांना असं चित्र दाखवाल तेव्हा तीन प्रश्न नक्की विचारा. हे कुणी काढलं? कधी काढलं? यात कोण दिसत नाही?

एक उपक्रमही घ्या. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा आणि मध्यबिंदूला दोरा बांधून खडा लटकवा. स्ट्रॉमधून ध्रुवतारा बघा. दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकेल तितका आपला अक्षांश. कोल्हापूरला साधारण १७, नागपूरला २१ यायला हवा. सूर्याकडे मात्र अजिबात बघू देऊ नका. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर तिथे खाली त्रिशंकूही दिसेल.

एकाने बघायचं, दुसऱ्याने दोरा धरायचा, तिसऱ्याने आकडा लिहायचा. चित्रात झोपलेले ते सोबती खरं तर काय करत असतील, हे मुलांना आपोआप कळेल.