आलेक्सी कारेल
आलेक्सी कारेल (२८ जून १८७३ – ५ नोव्हेंबर १९४४) हे फ्रेंच शल्यचिकित्सक व जीवशास्त्रज्ञ होते. रक्तवाहिन्यांची शिवण आणि रक्तवाहिन्या व अवयव यांचे रोपण या कार्यासाठी त्यांना १९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा जन्म व शिक्षण फ्रान्समधील ल्यों परिसरात झाले. १८९४ मध्ये ल्यों येथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेली. ती सांधण्याची खात्रीची पद्धत त्या काळी शल्यचिकित्सकांपाशी नव्हती आणि कार्नो दगावले. कारेल यांना या घटनेतून प्रेरणा मिळाली, असे मानले जाते. नाजूक टाके शिकण्यासाठी ते चक्क एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. १९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या कडेवर सारख्या अंतराने तीन टाके घालून ते ताणले, की गोल तोंड त्रिकोणी होते आणि प्रत्येक बाजू सरळ शिवता येते. वाहिनी अरुंद होत नाही व रक्त गोठण्याचा धोका घटतो. पुढे शिकागो येथे चार्ल्स गथ्री यांच्यासह त्यांनी ही पद्धत परिपूर्ण केली. नोबेलमध्ये मात्र गथ्री यांना वाटा मिळाला नाही.

या शिवणीचे मोल आतड्यांच्या एका विकारात विशेष जाणवते. आतड्यांच्या रोहिण्या हळूहळू अरुंद झाल्या, की जेवणानंतर पोटात तीव्र कळा येतात. रुग्ण अन्नालाच भिऊ लागतो व खंगत जातो. कारेल यांच्या हयातीत यावर शस्त्रक्रिया नव्हती. १९५८ मध्ये बॉस्टन येथील शॉ व मेनार्ड यांनी आतड्याच्या मुख्य रोहिणीतील अडथळा काढून रक्तप्रवाह पूर्ववत केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे महारोहिणीपासून अडथळ्यापलीकडे शीर किंवा कृत्रिम नळी जोडण्याची शस्त्रक्रियाही रूढ झाली. आज बहुधा आधी स्टेंट बसवतात. तो शक्य नसल्यास ही जोडणी करतात आणि तिचे दोन्ही सांधे सहसा शिवून करतात.

पहिल्या महायुद्धात जखमा निर्जंतुक करण्याच्या कारेल–डेकिन पद्धतीने त्यांची कीर्ती वाढली. १९३५ च्या पुस्तकात मात्र त्यांनी सुप्रजननवादाचा टोकाचा पुरस्कार केला आणि १९४१ मध्ये विशी राजवटीच्या आश्रयाने संस्था उभारली. पॅरिस मुक्त झाल्यावर त्यांच्यावर शत्रूशी सहकार्याचे आरोप झाले. काही महिन्यांतच तेथे त्यांचे निधन झाले. ल्यों येथील वैद्यकीय विद्याशाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आले.