मुलांचे मन जाणणारा शिक्षक : गिजुभाई बधेका

व्याकरणाच्या तासाला घड्याळाचे काटे हलत नाहीत आणि गोष्ट रंगात आली म्हणजे घंटा झालेली कळत नाही, हा अनुभव आम्हां सर्व विद्यार्थ्यांचा आहे. वडील मंडळी याला आळस म्हणतात. परंतु याच अनुभवात शिक्षणाचे मर्म पाहणारा एक थोर शिक्षक गुजरातेत होऊन गेला. ते गिजुभाई बधेका होत.

१५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रात त्यांचा जन्म झाला. १९०७ साली उपजीविकेसाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. परत आल्यावर मुंबईस कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिली आरंभिली. पुढे घरी पुत्रजन्म झाला आणि त्याला शिकवावे कसे, या चिंतेने त्यांना ग्रासले. त्या काळच्या शाळांत छडीचा व घोकंपट्टीचा अंमल होता. माँटेसोरीबाईंचे विचार वाचून त्यांना नवी वाट दिसली. १९१६ साली वकिलीवर पाणी सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. तेथे शिक्षेचे भय नव्हते आणि बक्षिसाची लालूचही नव्हती. गाणी, नाट्यप्रवेश व गोष्टी यांतून मुले शिकत. मिशाळ असूनही मातेची माया लावणाऱ्या या गुरूला लोक ‘मूछाळी मा’ म्हणू लागले.

‘दिवास्वप्न’ या पुस्तकात त्यांनी एका काल्पनिक शिक्षकाची कथा सांगितली आहे. हा शिक्षक चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेऊ पाहतो, तर मुले गोंगाट करून त्याची फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग चित्रासारखा स्तब्ध होतो. मुलांवर दोष न ठेवता तो आपली रीत बदलतो, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून तो वर्गाचे वाचनालय उभारतो, इतिहासही गोष्टीरूपाने शिकवतो. सहकारी हसतात, पण तो डगमगत नाही. आवडीने शिकणे म्हणजे अभ्यास टाळणे नव्हे, हेच त्याला दाखवून द्यायचे असते.

या कार्याशी मराठीचेही नाते आहे. १९२३ साली ताराबाई मोडक भावनगरास त्यांच्या सोबतीस गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी हा वारसा महाराष्ट्रात आणून पुढे बोर्डी व कोसबाड येथे वाढविला. २३ जून १९३९ रोजी गिजुभाई निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या आवडीची कदर व्हावी म्हणून एका माणसाने चालता धंदा सोडला. तेव्हा वर्गात एखादी गोष्ट कळली नाही, तर मुकाट्याने घोकण्यापेक्षा नम्रपणे तसे सांगावे. गुरुजींना आपले मन कळण्याचा तोच सरळ मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.