दर आठवड्याला दार ठोठावणारी ऑक्टेव्हिया हिल



लंडन शहराच्या मेरिलबोन भागात एक अरुंद गल्ली आहे. आज तिचे नाव गार्बट प्लेस. १८६५ साली तिला पॅरडाईज प्लेस, म्हणजे नंदनवन, असे म्हणत. हे झाले कागदावरचे नाव. आजूबाजूचे लोक तिला छोटा नरक म्हणूनच ओळखत. त्या गल्लीतील तीन मोडकळीस आलेल्या घरांचा ताबा त्या वर्षी २६ वर्षांच्या एका अविवाहित तरुणीने घेतला. तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल. गरिबाला परवडेल आणि तरीही माणसाला आजारी पाडणार नाही असे घर देता येते का, या एका प्रश्नासाठी तिने पुढची ४७ वर्षे दिली.

ऑक्टेव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधील विस्बीच या गावी झाला. वडील धान्याचे व्यापारी व पेढीवाले होते. १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले, पाठोपाठ मनाचा तोलही गेला आणि भरलेले घर उघड्यावर पडले. आई कॅरोलाईन खंबीर होती. तिने मुलींना वाढवले, शिकवले. आईचे वडील डॉ. साउथवुड स्मिथ हे तापाच्या रोग्यांवर उपचार करणारे नामांकित वैद्य होते. लंडनच्या पूर्व भागातील गलिच्छ वस्त्या पाहून त्यांनी सरकारला अहवाल दिले होते. तुंबलेली गटारे, कोंडलेली हवा आणि घाण पाणी यांमुळे गरीब माणसे हकनाक मरतात, हे ऑक्टेव्हियाने आजोबांच्या मांडीवर बसूनच ऐकले असेल. स्वतःचे घर एकदा गमावलेल्या मुलीला घराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

१८५२ साली आई एका सहकारी कारखान्याचे काम पाहण्यासाठी लंडनला आली. तेथे गरीब मुली खेळणी तयार करीत. त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम ऑक्टेव्हियाकडे आले, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. मुलींची घरे पाहिल्यावर तिच्या लक्षात आले, की दिवसभर आपण यांना कितीही चांगले शिकवले, तरी रात्री त्या जेथे झोपायला जातात ती खोली सगळे पुसून टाकते. याच काळात एफ. डी. मॉरिस या अँग्लिकन धर्मगुरूंच्या विचारांचा तिच्यावर मोठा प्रभाव पडला. श्रद्धा ही कामगाराच्या रोजच्या जगण्यापासून वेगळी ठेवता येत नाही, अशी त्यांची शिकवण होती.

घरे विकत घेण्यासाठी पैसा मात्र तिच्याकडे नव्हता. तो दिला जॉन रस्किन या प्रसिद्ध लेखकाने. ती त्याच्यासाठी जुन्या चित्रांच्या नकला करून देत असे. १८६४ साली रस्किनचे वडील वारले व त्याला मोठा वारसा मिळाला. त्यातील ७५० पौंड मोजून त्याने त्या तीन घरांचा भाडेपट्टा घेतला. अट एकच: गुंतवलेल्या रकमेवर दरसाल पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे.

ही अट ऐकून आपल्याला वाटेल, हे कसले परोपकार? पण त्यामागे विचार होता. फुकट दिलेली घरे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतात. त्याचा पैसा किंवा उत्साह संपला, की काम थांबते. रास्त भाड्यात घर चांगले ठेवूनही पाच टक्के सुटतात हे सिद्ध झाले, तर दुसरे लोकही पैसा घालतील. शिवाय भाडे भरणारा माणूस कोणाचा मिंधा राहत नाही. मान वर करून नळ दुरुस्त करून मागण्याचा त्याला अधिकार असतो. दान आणि न्याय यांतला हा फरक ऑक्टेव्हियाला नेमका कळला होता.

त्या काळचे घरमालक कसे होते, याचा एक अनुभव तिने लिहून ठेवला आहे. एका मालकाचा धंदा शवपेट्या पुरवण्याचा व अंत्यविधीचा होता. बुडालेल्या भाड्याची त्याला फारशी फिकीर नव्हती. त्याचा डोळा भाड्यावर नव्हता, तर त्या घरांत होणाऱ्या मृत्यूंवर होता! आजारी घर हेच त्याचे भांडवल होते.

ऑक्टेव्हियाने घेतलेल्या घरांची स्थितीही फार वेगळी नव्हती. भिंतींवरचा कागद काळा पडून पट्ट्यापट्ट्यांनी लोंबत होता. गटारे तुंबलेली. मागच्या अंगणातील फरशी फुटून डबकी साचलेली आणि त्यांची ओल भिंतीत चढलेली. सर्वांना मिळून पाण्याचे एकच पिंप, तेही गळके. पाणी येण्याच्या वेळी ज्याने भांडे भरून ठेवले नाही, त्याला दिवसभर पाणी नाही. एकेका खोलीत अख्खे कुटुंब.

तिने सुरुवात रंगरंगोटीने केली नाही. आधी गटारे मोकळी केली आणि पाण्याची सोय केली. मग एक खोली रिकामी झाली, की ती दुरुस्त करायची आणि जुन्या भाडेकरूंपैकी कोणाला तरी तेथे हलवायचे, असे हळूहळू घर सुधारत नेले. दाटी कमी व्हावी म्हणून कुटुंबाने दोन खोल्या घ्याव्यात असा तिचा आग्रह असे आणि दुसऱ्या खोलीचे भाडे ती कमी लावी. सामाईक जिने आणि बोळ धुण्याचे काम वस्तीतल्याच मोठ्या मुलींना मजुरी देऊन करवून घेई. डागडुजीची काही कामे ती मंदीच्या दिवसांसाठी राखून ठेवी, म्हणजे हाताला काम नसलेल्या भाडेकरूला चार पैसे मिळत.

दर आठवड्याला ती स्वतः भाडे गोळा करायला जाई. दार ठोठावल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकीत नसे. आपल्या घरी जसे आपण वागवले जावे, तसेच त्यांच्या घरी. भाड्याच्या निमित्ताने कोण आजारी आहे, कोणाचे छप्पर गळते, कोणाचे काम सुटले, हे सारे कळे. हिशेब मात्र चोख. भाडे थकवणाऱ्याला घर सोडण्याची नोटीस मिळे. पण ती जेवढी भाडेकरूंशी कडक होती, तेवढीच स्वतःशीही. मालकाने आपले कर्तव्य आधी पार पाडावे, मग भाडे मागावे, हा तिचा नियम होता.

तिची एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ठराविक रक्कम बाजूला काढलेली असे. वर्षभरात मोडतोड कमी झाली, तर उरलेल्या पैशातून काय करायचे ते भाडेकरूंनी ठरवायचे. परिणाम असा झाला, की खिडक्या फोडणारे हातच त्या सांभाळू लागले.

१८६६ साली रस्किनने जवळच्याच फ्रेशवॉटर प्लेस येथील आणखी पाच घरे घेतली. तेथे मुलांसाठी खेळण्याचे मैदान तयार झाले. १८७४ पर्यंत तिच्या देखरेखीखाली १५ ठिकाणी मिळून सुमारे तीन हजार भाडेकरू होते. एकटीला हे शक्य नव्हते, म्हणून तिने स्त्रियांना हिशेब, गटारांची व्यवस्था आणि भाड्याचे कायदे शिकवून तयार केले. १८८४ साली इंग्लंडच्या चर्चने साउथवर्क भागातील आपल्या मालकीची घरे तिच्या हाती सोपवली. त्याच भागात १८८७ साली तिने कागदाच्या जळक्या कारखान्याची जागा साफ करून बाग, छोटी घरे आणि सभागृह उभे केले. रेड क्रॉस गार्डन नावाची ती बाग आजही आहे. ज्याच्या घरात बैठकीची खोली नाही, त्याला निदान झाडाखाली बसायला जागा हवी, या विचारातूनच १८९५ साली तिने दोन सहकाऱ्यांसह नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. १८७७ साली रस्किनशी जाहीर वाद होऊन ती खचली आणि तिला कामापासून दीर्घ विश्रांती घ्यावी लागली. नियमित कमाई नसलेल्या, सर्वांत गरीब माणसाला तिच्या घरात टिकणे कठीण होते. नगरपालिकेने घरे बांधावीत हे तिला मान्य नव्हते, स्त्रियांच्या मताधिकारालाही तिचा विरोध होता. काळाने या बाबतीत तिला चूक ठरवले. १९१९ नंतर इंग्लंडमध्ये नगरपालिकांनी जितकी घरे बांधली, तितकी कोणत्याही दानशूराच्या पाच टक्क्यांतून उभी राहिली नसती. पण घर बांधून झाल्यावर ते सांभाळायचे कसे, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी नगरपालिकांनी तिच्या पद्धतीने शिकलेल्या स्त्रियांनाच बोलावले.

तिच्या पद्धतीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. एडिंबरो शहरात १८८५ साली ही पद्धत वापरू लागलेल्या मंडळींत पॅट्रिक गेडीस होते. तेच पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी ऑक्टेव्हियाचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत थोरामोठ्यांच्या शेजारी दफन करण्याची तयारी दाखवली गेली होती. पण तिच्या इच्छेनुसार तिला क्रॉकहॅम हिल या खेड्यात, बहीण मिरांडाच्या शेजारी, पुरण्यात आले.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी काहींनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, काहीजण भाड्याने राहतात. अनेकांच्या इमारतीत सामाईक जिना आहे, टाकी आहे. आज घरी गेल्यावर एवढेच करा. मालक असाल तर भाडेकरूचे दार ठोठावा आणि भाड्याची गोष्ट काढण्याआधी भिंतीला ओल आहे का, पाणी नीट येते का, हे विचारा. भाडेकरू असाल तर जिन्यातला कचरा कोणी टाकला हे न शोधता उचला. टाकी कधी धुतली होती हे कोणालाच आठवत नसेल, तर याच आठवड्यात चारजण मिळून तो दिवस ठरवा.