पक्षिमित्र सालिम अली

पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या सावनेरच्या शिवारात, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबताना तुम्ही पाहिली असतीलच. त्या घरट्यांचे गूढ उकलणारे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र शैशवातच हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मुलास शिकारीचा मोठा नाद! एके दिवशी छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांसही सांगता येईना. त्यांनी भाच्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्डसाहेबांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवून वाचावयास पुस्तकेही दिली. शिकाऱ्याचा अभ्यासक होण्यास येथून आरंभ झाला.

पुढे जर्मनीत शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा हाती नोकरी नव्हती. तरीही खचून न जाता १९३० साली अलिबागजवळील किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीचे निरीक्षण केले. घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन पारख करते. तिने पसंत केल्यावर तो ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो, असे त्यांना आढळले.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव सरोवर म्हणजे राजेरजवाड्यांचे शिकारीचे ठिकाण. १९३८ साली तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ते सरोवर आटवून तेथे शेती करावी, अशी मागणी झाली. सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागून ते वाचविले, व १९५६ साली तेथे पक्ष्यांचे अभयारण्य झाले.

थोरांच्या हातूनही चूक होते. भरतपुरात गुरे चारण्यास बंदी असावी, असे त्यांचे मत होते. १९८२ साली ती अमलात येताच गावकऱ्यांचा रोष झाला, काहींचे प्राणही गेले. पुढे गवत माजून पाणपक्ष्यांना उघडे पाणी कमी पडू लागले. म्हशींच्या चरण्याचा तळ्यास उपयोगच होता, हे त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आले. उपद्रव कोणता व सोबत कोणती, हे निरीक्षणावाचून कळत नाही, हाच त्यातील धडा होय.

गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी सोसायटीस अर्पण केली. २० जून १९८७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मित्रहो, यंदा सुगरणीचे घरटे दिसल्यास गलोल घरी ठेवावी, दूर उभे राहावे आणि वहीत टिपण करावे. एका चिमणीविषयीच्या कुतूहलाने एका शिकारी मुलास पक्ष्यांचा रक्षक बनविले, हे विसरू नये.