काचेतला थॉमस

थॉमस बेकेट हा लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म साधारण ११२० चा. हुशार, कामाला वाघ आणि थाटामाटाचा शौकीन! इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने त्याला चॅन्सेलर केलं आणि दोघांची चांगलीच गट्टी जमली. ११६२ मध्ये राजाने त्याला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुखही करून टाकलं. तोवर थॉमस साधा प्रीस्टसुद्धा नव्हता; आदल्या दिवशी दीक्षा, दुसऱ्या दिवशी आर्चबिशप. आपला माणूस बसवला की चर्च मुठीत, असा राजाचा हिशेब.

तो साफ फसला. चर्चच्या माणसाने गुन्हा केला तर शिक्षा कोणी द्यायची, यावरून दोघांचं फाटलं. (या मुद्द्यावर मला तरी राजाचं म्हणणं पटतं, पण ते असो.) ११६४ मध्ये थॉमस फ्रान्सला पळाला, सहा वर्षांनी परतला आणि भांडण पुन्हा पेटलं. राजा रागाच्या भरात काहीतरी बोलून गेला; तेवढ्यावर त्याचे चार सरदार निघाले. २९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी त्यांनी थॉमसला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये तलवारींनी मारलं. ११७३ मध्ये तो संत ठरला. पुढच्या वर्षी राजा अनवाणी तिथे आला आणि त्याने पाठीवर फटके खाल्ले.

त्याच वर्षी कॅथेड्रलला आग लागली. नव्या बांधकामावरचा फ्रेंच स्थापती, सांसचा विल्यम, ११७८ मध्ये परांचीवरून पडून कायमचा जायबंदी झाला. काम दुसऱ्या विल्यमने पुरं केलं. थॉमसच्या समाधीभोवती बारा उंच खिडक्या आल्या. वाळू आणि लाकडाची राख वितळवून केलेली काच, निळ्यासाठी कोबाल्ट, चेहरे काळ्या रंगाने काढून पुन्हा भट्टीत भाजलेले, आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीने समाधी फोडली, थॉमसची चित्रं काढून टाकायचा हुकूम सोडला. शंभर वर्षांनी प्युरिटन मंडळींनी आणखी काचा फोडल्या. त्यामुळे कँटरबरीत त्याच्या आयुष्याची चित्रं जवळपास उरलीच नाहीत. ती बघायला फ्रान्समध्ये सांस किंवा शार्त्रला जावं लागतं. समाधीजवळच्या काही खिडक्या मात्र वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात काचा आधीच उतरवून ठेवल्यामुळे जून १९४२ च्या बॉम्बहल्ल्यातूनही त्या सुटल्या.

त्यांत ना राजा महत्त्वाचा, ना सरदार. त्यांत आहेत समाधीशी नवस बोललेली माणसं: वेडे, महारोगी, आजारी पोरं. मुलगा बरा झाल्यावर नवस फेडायला टाळाटाळ करणारं एक घरही आहे. त्यांचा दुसरा मुलगा जातो. आणि सिव्हिलवाल्यांनी जरूर बघावा असा ग्लॉस्टरचा विल्यम. पाण्याचे नळ टाकायला चर खणत असताना माती कोसळली आणि तो गाडला गेला. मेलाच, असं सगळ्यांनी धरलं. त्याने आतून थॉमसचा धावा केला, वर कुणाला तरी आवाज ऐकू आला, लोक फावडी घेऊन धावले आणि विल्यम जिवंत निघाला. ती फावडी आजही त्या काचेत आहेत.