एकोणिसाव्या वर्षीचे गणित

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवतात, आई घरी बसून काज-बटणांचे काम करते. चारचौघांत बोलण्याची सवय आम्हाला नाही. म्हणूनच गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला जे घडले, ते अजून माझ्या मनात सलते आहे.

आमच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली, की उल्हासनगरचे कॅम्प मुळात निर्वासितांसाठी नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधले गेले. सिंधी बांधव आले ते फाळणीनंतर. सारा वर्ग हसला. ती खाली बसली. तिचे म्हणणे खरे होते. आजोबांच्या तोंडून मी ते लहानपणापासून ऐकले होते. पण मी गप्प बसलो.

पुढे सुट्टीत वाचनालयात एक चरित्र हाती लागले. ते होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे. विज्ञान माझा विषय नव्हे. पण मी एकोणीस वर्षांचा, आणि ज्या गणिताने त्यांचे नाव अमर झाले, ते त्यांनी मांडायला घेतले तेव्हा तेही एकोणीसच वर्षांचे होते, एवढ्या एका गोष्टीने मला त्या पुस्तकाशी बांधून ठेवले.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरला झाला. वडील सरकारी हिशेब खात्यात अधिकारी. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनच्या नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. नोबेल विजेते सी. व्ही. रामन हे त्यांचे सख्खे काका. पुढे कुटुंब मद्रासला आले आणि तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिजला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. मुलाचे पाऊल घुटमळले. पण जाण्याचा आग्रह आईनेच धरला. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट निघाली. आई आणि मुलाची पुन्हा भेट झाली नाही. १९३१ साली ती माउली निवर्तली.

त्या बोटीवर त्यांनी कागद-पेन्सिल काढली. प्रश्न असा होता : ताऱ्याचे इंधन संपले की त्याचे काय होते? चूल विझावी तसा तारा आतून निवतो आणि स्वतःच्याच भाराने आक्रसू लागतो. आक्रसून पृथ्वीएवढा झालेला तारा म्हणजे श्वेत बटू. दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन उलट रेटा देतात आणि तारा सावरतो, हे केंब्रिजचे फाउलर यांनी १९२६ साली दाखवले होते. सगळे तारे अखेरीस असेच शांत निजतात, असा समज होता. चंद्रशेखरांनी त्यात आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत मिळवला. तारा जितका भारी, तितके आतले इलेक्ट्रॉन अधिक वेगाने धावतात. पण प्रकाशाच्या वेगापुढे त्यांना जाता येत नाही. म्हणजे एका मर्यादेनंतर हा रेटा ताऱ्याच्या भारापुढे अपुरा पडणार! ही मर्यादा आज सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट मानतात. तिच्यापलीकडच्या ताऱ्याला श्वेत बटू होऊन निजण्याची मुभा नाही.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडले. लगेच पाठोपाठ सर आर्थर एडिंग्टन बोलायला उभे राहिले. त्या काळी खगोलशास्त्रात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. चंद्रशेखरांच्या कामाची ते जवळून विचारपूस करीत. परंतु त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत त्या सिद्धांताची टर उडवली. तारा असा विक्षिप्तपणे वागूच शकत नाही, असा त्यांचा रोख होता. सभागृह हसले. चोवीस वर्षांचा तो भारतीय तरुण एकटा पडला.

मित्रांनो, हे वाचताना मी पुस्तक मिटले. कारण पुढे आले होते ते असे, की रोझेनफेल्ड, पाउली यांच्यासारख्या थोर पदार्थवैज्ञानिकांना चंद्रशेखरांचे म्हणणे पटले होते. खासगीत त्यांनी तसे कळवलेही. पण उघडपणे एडिंग्टनच्या विरोधात उभे राहायला कोणी आले नाही. वर्गातला माझा बाक मला आठवला.

चंद्रशेखरांनी काय केले? त्यांनी आकांडतांडव केले नाही आणि आपले म्हणणे मागेही घेतले नाही. १९३६ साली ललिता यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७ पासून ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेत काम करू लागले. १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला आणि नवा विषय हाती घेतला. पुढे जन्मभर हाच क्रम राहिला : एक विषय घ्यायचा, वर्षानुवर्षे खपायचे, ग्रंथ लिहायचा आणि पुढे जायचे. वेधशाळेपासून शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून ते शिकागोला शिकवायला जात. एका वर्गात दोघेच विद्यार्थी उरले होते, ली आणि यांग, असे सांगतात. त्या दोघांना १९५७ साली नोबेल मिळाले! एडिंग्टनविषयी त्यांनी मनात अढी धरली नाही. १९८२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला केंब्रिजमध्ये त्यांच्यावर व्याख्याने दिली ती याच चंद्रशेखरांनी.

दरम्यान आकाशानेच साक्ष दिली. १९६७ साली जोसलिन बेल यांना ठरावीक अंतराने येणारे रेडिओ स्पंद सापडले. तो होता न्यूट्रॉन तारा : सूर्याहून अधिक वस्तुमान, आणि व्यास केवळ वीसेक किलोमीटर, म्हणजे डोंबिवली ते बदलापूर एवढा. भारी ताऱ्याचा गाभा ती मर्यादा ओलांडून कोसळला की असा तारा जन्मतो. १९८२ साली सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा ज्यांनी शोधला, त्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. गॅमा किरणांचे स्फोट किती दूरवर होतात हे १९९७ साली उलगडण्यातही त्यांच्या चमूचा वाटा होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि दोनच सेकंदांच्या आत गॅमा किरणांचा लोळही आला. बोटीवरच्या त्या कागदांतून निघालेली वाट इथवर येऊन पोचली.

१९८३ साली चंद्रशेखरांना नोबेल मिळाले. बोट सुटल्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. डिसेंबर १९९२ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेचे राष्ट्रार्पण त्यांच्याच हस्ते झाले. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या धीराचे गुणगान सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. परंतु मला वाटते, सत्य सांगणाऱ्याला एवढा धीर धरावा लागतो तो ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्यांमुळे. चंद्रशेखर होणे माझ्या आवाक्यातले नाही. पण त्या सभागृहात उभे राहून ‘हे बरोबर आहे’ एवढे म्हणणारा एक जण होणे माझ्याही आवाक्यात आहे.

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलीला गाठून ती बरोबर होती हे सांगितले. तिने एवढेच विचारले, की मग तेव्हा का बोलला नाहीस? उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.